टोपल्यात आलेली देवी

विमलाबाई भित्री आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पोस्टमनची सायकल दिसली की ती वाट बदलायची. एसटीत कधी खिडकीशी बसायची नाही. कागदावर अंगठा लावायची वेळ आली की तिचा हात असा थरथरायचा की ठसा एकाच जागी दोनदा उमटायचा. तिचा नवरा मंगरू चारचौघांत म्हणायचा, "आमच्या घरी कुत्रं पाळाची गरज नाई. उंदीर हालला तरी ही उठून बसते."

ही भीती तिने माहेराहून आणली होती. छप्पन साली तिचा बाप नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. बापाने घरातले सगळे देव, शेंदूर फासलेले दगड आणि पितळेचे टाक, एका टोपल्यात भरले आणि चुलबंद नदीत सोडून दिले. विमला बापाचा हात धरून सोबत गेली होती. परत येताना बाप गाणं म्हणत होता. घरी मात्र आई चुलीजवळ बसून होती. ती कोणाशी भांडली नाही, रडली नाही. फक्त महिनाभर रोज संध्याकाळी पोरांच्या कपाळाला हात लावून बघायची, कोणाचं अंग तापलं आहे का. कोणाचंच तापलं नाही. बापाचा निर्धार पुढे सगळ्या घराने उचलला, पण आईचं ते वाट बघणं विमलाच्या अंगात राहून गेलं.

लग्न होऊन ती दिघोरीपासून दीड कोसावरच्या गावात आली. मंगरू अंगाने दणकट, मनाने सरळ. दोन एकर धानाची जमीन, बाकी मजुरी. चंद्रकांता ही एकच मुलगी. तिला घरात चंद्री म्हणत. चंद्री तान्ही असताना देवीची लस देणारा टोचणीवाला गावात आला, तेव्हा विमलाबाई तिला पदराखाली घेऊन धानाच्या बांधीत दडून बसली होती. सुईची भीती. तो गेल्यावरच ती घरी आली. मंगरूला तिने सांगितलं, टोचून झालं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावच्या बोडीचं काम निघालं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारा लहानसा तलाव. ती गाळाने भरली होती. रोजगार हमीवर ती खोल करायची आणि निघालेली माती काठाच्या पाळीवर टाकायची, असं काम. पुरुष कुदळीने खोदत, बाया टोपल्याने माती वाहत. पुंडलिकराव मुकादम होते. पाळीवरच्या मोहाच्या सावलीत बसून ते हजेरी घेत.

एका सकाळी मंगरूची कुदळ कशावर तरी आपटली. मातीत एक काळं गाडगं होतं, तोंड चिखलाने लिंपलेलं. कुदळीने त्याची कड फुटली होती आणि आतून हिरवट काळे गोळे बाहेर आले होते, एकाला एक चिकटलेले.

"बटनं होत."

"बटनं नाई बाप्पा, शिसं होय. जाळ्याले लावाचं."

पुंडलिकराव खाली उतरले. त्यांनी एक गोळा दगडावर घासला. काळ्याच्या खालून चांदीची पांढरी रेघ निघाली. मग कोणाला बोलवावं लागलं नाही, पाळीवरचे सगळे खड्ड्यात आले. कोणी म्हणालं गोंड राजाचा ठेवा, कोणी म्हणालं बंजाऱ्यांचा तांडा इथून मिठाचे बैल नेत असे, त्यांनी पुरला असेल. एका म्हाताऱ्याने चोरांचं नाव घेतलं. नाण्यांवरच्या छापावर कोणाचंही नाव वाचता येत नव्हतं, म्हणून ज्याला जे सुचलं ते खरं होतं.

पुंडलिकरावांनी सगळं दुपट्ट्यात बांधलं आणि पटवाऱ्याला बोलावलं. पंचनामा झाला. त्यात लिहिलं होतं की मिळालेला सर्व माल सरकारजमा केला असून कोणाजवळ एकही नग राहिला नाही. सगळ्यांनी अंगठे लावले. विमलाबाईचा अंगठा नेहमीप्रमाणे दोनदा उमटला. माल साकोलीच्या तहसिलीत गेला.

संध्याकाळी तिने विहिरीवर टोपलं धुतलं. बुडाच्या विणीत चिखलाचा एक गोळा अडकला होता. बोटाने काढला तर तो विरघळेना. पाण्यात धरला, तर मधून पांढरं दिसलं.

तिने तो तिथेच टाकला असता, किंवा पुंडलिकरावांकडे नेला असता. पण टाकला आणि कोणाला सापडला तर? आणि नेला तर ते विचारतील, "एकच का?" तिच्या हातावर ते नाणं होतं आणि पंचनाम्यावर तिचा अंगठा होता. दोन दिवस तिने ते तांदळाच्या डब्यात ठेवलं. तांदूळ काढताना प्रत्येक वेळी ते हाताला लागायचं. शेवटी तिने चिंधीची एक पुडी शिवली, त्यात ते घातलं आणि चार वर्षांच्या चंद्रीच्या कमरेच्या करदोड्याला बांधून टाकलं. लेकराच्या कमरेला ताईत असतोच, तिकडे कोण बघणार?

दहाव्या दिवशी चंद्री तापली. अकराव्या दिवशी तिच्या छातीवर लाल पुरळ उठला. मंगरू पहाटे कामावर निघताना विमलाबाईने सांगितलं, "घामोळ्या आल्या." तो गेल्यावर तिने पोरीचा झबला वर केला, तर पुरळाच्या डोक्यावर पाणी धरलं होतं.

शेजारी धुरपताबुढी राहायची. गावाबाहेर कडुनिंबाखाली माता मायचे, म्हणजे देवीच्या रोगाच्या देवतेचे, दगड होते, तिथली झाडलोट तीच करायची. विमलाबाईचं सासरही बौद्ध, त्या झाडाखाली तिथलं कोणी जात नसे. पण धुरपताबुढीला पाला-मुळी कळायची आणि तापल्या लेकराला ती जातपात बघत नसे. तिने चंद्रीचं अंग चाचपलं, आणि तिची बोटं त्या पुडीवर थांबली.

"हे काय वं?"

"ताईत होय."

"तुमच्यात कवापासून ताईत?" म्हातारीने शिवण दातांनी तोडली. नाणं तळहातावर घेऊन ती दारात उजेडाला गेली.

"पाय पोरी," ती आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "याले नाक नाई. डोये नाई. तोंडाच्या जागी नुसते दाने. असा कोन्ता राजा असते?" तिने नाणं चंद्रीच्या छातीजवळ धरलं. "आता हे पाय."

विमलाबाईने पाहिलं. नाण्यावरचे उठलेले ठिपके आणि पोरीच्या अंगावरचे दाणे. तिला वाटलं, दोन्ही एकाच हाताने काढलेले आहेत.

"माह्या सासूच्या वक्ताले गावात माय आली होती," म्हातारी म्हणाली. "घरं रिकामी झाली. तवाच्या लोकायनं तिले गाडग्यात घालून, तोंड लिंपून, बोडीच्या पोटात ठेवली असन. तुमी देवी काढली वं पोरी."

"आता काय करू?"

"जिथून काढली तिथं नेऊन ठेव. अन् टोचणीवाल्याले खबर लागू देऊ नोको. त्याची सुई पाहून माय आनखीन चिडते."

विमलाबाईला बापाचं गाणं आठवलं नाही. तिला चुलीजवळ बसलेली आई आठवली. अठरा वर्षं ज्याची वाट बघितली, ते आज दारात आलं होतं.

दुपारी मजूर जेवून झाडाखाली आडवे झाले, तेव्हा ती बोडीत उतरली. ऊन असं होतं की पायाखालची ढेकळं भाजत होती. मोहापासून सरळ रेषेत, जुन्या दगडाच्या डावीकडे, हे तिला पक्कं आठवत होतं. पण दगड नव्हता. खड्डाही नव्हता. दहा दिवसांत सगळी बोडी पुरुषभर खाली गेली होती. ज्या मातीत ते गाडगं होतं ती माती केव्हाच पाळीवर पडली होती, आणि ती तिनेच वाहिली होती. देवीला ठेवायला जागाच उरली नव्हती.

"काय शोधून राहिली वं?"

पुंडलिकराव पाळीवर उभे होते.

"काई नाई, भाऊजी. विळा पडला."

"विळा? मातीकामाले?" ते हसले. "अजून एक गाडगं भेटते का पाहून राहिली, हो ना? पाय बाप्पा. पण भेटलं तर पयले मले सांगजो. लपवलं अन् सापडलं तं वर्षभर आत. सरकारचा कायदा हाये."

ती घरी आली तेव्हा नाणं मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की ठिपके तळहातावर उमटले होते. ते बघून तिने हात मातीत घासला, पुन्हा घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलची घंटी वाजली. आरोग्य केंद्राचा भैय्यालाल घराघरात फिरत होता. खाकी झोळी, त्यात सुया, आणि हातात एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर देवीने भरलेल्या एका लेकराचं रंगीत चित्र होतं. त्या सालात सरकारने या रोगाचा पिच्छा पुरवला होता. कुठे तापासोबत पुरळ दिसला की खबर द्यायची, मोठा डॉक्टर यायचा, घरावर पहारा बसायचा. विमलाबाईने पलीकडच्या घरातलं बोलणं ऐकलं. तिने चंद्रीला उचललं आणि मागच्या खोलीतल्या ढोलीत उतरवलं. बांबूची ती धानाची ढोली उन्हाळ्यात रिकामीच होती. वर गोणपाट टाकलं.

"आवाज करू नोको, माय. मी आलीच."

भैय्यालाल अंगणात आला. पुठ्ठा दाखवून झाला.

"घरी लहान लेकरू?"

"नाई जी."

"मंग दोरीवरचा झबला कोणाचा वाळून राहिला? तुमचा?"

 तिच्या कानाचा सगळा जीव मागच्या खोलीत होता. गोणपाटाखाली लेकराला श्वास लागत असेल का? तिला आता पोरीचा आवाज यायला नको होता, आणि आवाज येत नाही म्हणून छाती फुटत होती.

"घाबरू नका बाई, मी काई पोलीस नाई," भैय्यालाल वही उघडत म्हणाला. "एवढंच सांगा. देवी काढली का?"

सरकारी माणसाच्या तोंडी देवी काढणं म्हणजे टोचणं. रोज शंभर दारांत तो हाच प्रश्न विचारायचा. पण विमलाबाईने कालपासून ते शब्द एकाच आवाजात ऐकले होते.  ती उंबऱ्यावर बसली.

"काढली जी. मीच काढली."

"तुमी? सोताच?"

"मी अन् चंद्रीच्या बाबूनं."

"कायनं काढली?"

"कुदळीनं."

भैय्यालालची पेन्सिल थांबली. आठ वर्षांच्या नोकरीत त्याने बिब्ब्याने पोळलेली, विळ्याने डागलेली लेकरं पाहिली होती. कुदळ ऐकली नव्हती.

"लेकराले कुदळ? कुठं मारली, बाई?"

"बोडीत."

"बोडीत! अन् मंग?"

"मंग मी टोपल्यात भरून पाळीवर टाकली. एक टोपल्याले चिकटून घरी आली, तिची मले खबरच नोती जी. खोटं सांगन तं माह्ये डोये जातीन."

भैय्यालालने वही मिटली.  हळू आवाजात, वेड्या माणसाशी बोलावं तसं, तो म्हणाला, "बाई, लेकरू कुठं हाये?"

आणि तेव्हाच ढोलीतून खोकला आला.

तो तिला ओलांडून आत धावला. गोणपाट फेकून त्याने चंद्रीला बाहेर काढलं. पोरगी घामाने निथळत होती, पण तिच्यात जीव होता, आणि अनोळखी माणूस बघून ती मोठ्याने रडली. त्याने तिला अंगणात आणलं. पाठ बघितली, पोट बघितलं. मग म्हणाला, "तळहात दाखव, बाळ."

विमलाबाईने डोळे मिटले होते.

"तळवे दाखव."

पुठ्ठा उलटल्याचा आवाज आला.

"इकडं पाहा बाई. हा पुठ्ठा पाहा अन् हे लेकरू पाहा. देवीचे दाणे हातापायाले जास्त असतात, तळहातालेबी येतात. हिचे हातपाय साफ हायेत, सगळं पाठीपोटावर. कांजण्या होत या. निंबाचा पाला घाला, खाजवू देऊ नका." मग तो थोडा थांबला. "तरी मले लिहा लागते. उद्या मोठा डाक्टर येऊन पायल. तवर कोणाले घरात घेऊ नका. आता सांगा, ती कुदळ काय भानगड हाये?"

तिने मूठ उघडली.

सगळं ऐकून झाल्यावर भैय्यालाल हसला नाही, हे तिने आयुष्यभर लक्षात ठेवलं. नाणं उलटंपालटं करून त्याने तिच्या हातावर परत ठेवलं. "मले देवीची खबर लिहाची असते, चांदीची नाई. पण घरच्या माणसाले सांगा. असं एकटीनं मुठीत धरून किती दिवस बसान?" झोळीतली दोन टोकांची सुई काढून त्याने तिच्या दंडाला टोचलं. तिला कळलंही नाही.

संध्याकाळी तिने मंगरूला सांगितलं. नाणं, ताईत, बोडी, ढोली, आणि तान्ही असताना न टोचलेली पोरगी, सगळं. मंगरू लेकराच्या उशाशी बसून होता.

"तुह्या बापानं टोपलंभर देव चुलबंदीत सोडले," तो म्हणाला. "तू टोपल्यातच एक परत घेऊन आली."

"मी नाई आणली. टोपल्यात आली."

"अन् त्या बुढीचं ऐकून पोरीले ढोलीत कोंबली?"

तिने निंबाचा पाला पोरीच्या अंगावरून फिरवला.  मंगरूने नाणं हातात घेतलं, तेव्हा त्याचीही बोटं ठिपक्यांवरून दोनदा फिरली, आणि मग त्याने ते पटकन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. डॉक्टरांनी कांजण्याच सांगितल्या. आठवड्यात खपल्या पडल्या. कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक वण राहिला. अंगात ताकद आल्यावर भैय्यालालने येऊन चंद्रीला टोचलं. विमलाबाईने तिला स्वतः मांडीवर धरलं होतं, डोळे मिटून.

लेकरू वाचलं. नाणं उरलं.

नवराबायको ते घेऊन पटवाऱ्याकडे गेले. पटवाऱ्याने दार लावून घेतलं. "पंचनाम्यात काय लिहिलं हाये? एकही नग नाई. आता हा दाखवला तं पंचनामा खोटा, मी खोटा, तुमचे अंगठे खोटे. मी पाहिलं नाई. जा."

"मंग ठेवावं कुठं, साहेब?"

"चुलीत ठेवा. मले काय विचारता?"

सरकार घेत नव्हतं, बोडीत जागा नव्हती, आणि नदीत टाकावं तर विमलाबाईचा हात उठत नव्हता. कधी वाटायचं देवी चिडेल, कधी वाटायचं एखाद्या ढिवराच्या जाळ्यात निघेल. शेवटी कोनाड्याच्या आत भोक करून मंगरूने ते ठेवलं आणि वरून मातीने लिंपलं. दर दिवाळीला घर सारवताना ती त्या जागेवर हात हलकाच फिरवायची. चंद्रीला जरा कणकण आली की तिची नजर आधी कोनाड्याकडे जायची. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून तिला याची लाजही वाटायची. पण नजर जायची.

अशी नऊ वर्षं गेली. धुरपताबुढी वारली. देवीचा रोगच देशातून गेला, असं रेडिओने सांगितलं. गावात बालवाडी निघाली आणि भैय्यालालच्या शब्दावरून विमलाबाई तिथे मदतनीस लागली. टोचायला नर्स यायची. घाबरून पळणाऱ्या बायांना बांधीतून शोधून आणायचं काम विमलाबाईचं. कोणती बाई कुठे लपेल, हे तिला बरोबर ठाऊक असायचं.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरहून एक साहेब आले. अजायबखान्यात काम करणारे, उतारवयाचे, धुळीने भरलेले बूट, काखेत जुनी फाईल. शाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी लोकांना बोलावलं. फाईलमध्ये तो पंचनामा होता.

"गाडगं कुठे सापडलं, किती खोल, सोबत काय होतं, एवढंच मला हवं आहे," ते म्हणाले.

कोणालाच काही आठवेना. पुंडलिकराव म्हणाले, त्या दिवशी ते लाखांदूरला गेले होते. हजेरी त्यांनीच घेतली होती, हे कोणी बोललं नाही. साहेबांनी फाईल उजेडाला धरली.

"हा दोनदा उमटलेला अंगठा कोणाचा आहे?"

विमलाबाई बालवाडीच्या दारात उभी होती. ती तिथून निघाली. घरी मंगरू नव्हता. चंद्री शाळेत. तिने विळ्याने कोनाडा फोडला. माती पायावर पडत होती आणि तिला पुंडलिकरावांचा आवाज ऐकू येत होता, वर्षभर आत, वर्षभर आत. पदरात बांधून ती परत आली तोवर ओसरी रिकामी होत होती. सगळ्यांदेखत तिने पदराची गाठ सोडली.

"अंगठा माहा होय. न्यायचं असन तं मले न्या. बाकी लोकायले नोका नेऊ."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. खिशातून भिंग काढून ते नाण्यावर वाकले.

"गधैया," ते पुटपुटले.

"जी?" तिचा चेहरा उतरला. "चूक झाली माही, पण गाळी नोका देऊ."

साहेबांच्या लक्षात यायला वेळ लागला. मग ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "तुम्हाला नाही हो! या नाण्याचं नाव गधैया." त्यांनी तिला जवळ बसवलं. आठशे-हजार वर्षांपूर्वीचं असेल, ते म्हणाले. मूळ छाप इराणकडच्या एका राजाच्या चेहऱ्याचा. इकडच्या कारागिरांनी त्याची नक्कल केली. पुढच्यांनी त्या नकलेची नक्कल केली. करता करता नाक गेलं, डोळे गेले. काय काढतो आहोत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ठिपके मात्र सगळे इमानाने काढत राहिले.

"मंग हे पाडलं कोणं?"

"माहीत नाही."

"अन् बोडीत कोणं ठेवलं?"

"तेही माहीत नाही. म्हणून तर जागा विचारतो आहे."

तिने जागा सांगितली. मोहापासून सरळ, जुन्या दगडाच्या डावीकडे, मंगरूच्या कमरेइतकं खोल, तोंड चिखलाने लिंपलेलं. साहेब लिहीत होते. मग त्यांनी नाणं पाकिटात घातलं आणि सहज विचारलं, "नऊ वर्षं का ठेवलंत हे?"

"ठेवलं नाई जी," विमलाबाई म्हणाली. "कोणी घेतच नोतं."

तिने कागद मागितला. साहेबांनी पावती लिहून सही केली. ती घरी आणून तिने कोनाड्याच्या त्याच भोकात ठेवली आणि वरून माती लिंपली.

चंद्री शाळेतून आली तेव्हा आईचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते.

"आज कायले सारवलं, माय?"

"इकडं ये. तळहात दाखव."

"अवं, पण मले काय झालं?"

"दाखव म्हणलं ना."

तेरा वर्षांच्या मुलीने कंटाळून दोन्ही हात पुढे केले. विमलाबाई ते उजेडाला धरून बघत राहिली. एका बोटाला शाई लागली होती. बाकी काही नव्हतं.